काकांची माकुळं

समुद्रापासून इतक्या लांब राहून समुद्रात इतका बुडालेला माणूस सोलापूर जिल्ह्यात दुसरा नसेल. हे माझे काका, म्हणजे वारलेल्या मावशीचे यजमान. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. तरुणपणी कोकणात एका खाडीच्या तोंडाशी, गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी माकुळांची वीण पाहिली आणि उरलेलं आयुष्य ती आम्हाला ऐकवण्यात घातलं. माकूळ म्हणजे पाठीत पांढरं हाड, पोटात काळी शाई आणि क्षणात रंग बदलणारं अंग. लग्नाच्या पंगतीत काका नवरदेवाला गाठून सांगत, "मोठा नर मादीवर पहारा देतो आणि बारका नर मादीचा रंग घेऊन त्याच्या नाकाखालून आत शिरतो." मंडईत काळ्या द्राक्षांचा घड उचलून म्हणत, "अंडी हुबेहूब अशीच. उथळ पाण्यातल्या शेवाळाला एकेक बांधून ठेवते." नातेपुत्याचा द्राक्षवाला एकदा वैतागून म्हणाला, "सर, खायाला न्यायची हायत का नुसती बघायची?" काकांनी मुकाट्यानं घेतली. खाल्ली मात्र आम्हीच.

मावशी गेली ती मुलीच्या जन्माच्या वेळी. शुद्धीवर आलीच नाही. काकांनी पोर एकट्यानं वाढवली, तिच्या वेण्या घालायलाही शिकले. पुढे ती दुधनीला नांदायला गेली. यंदा तिला दिवस गेले, तेव्हा पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं म्हणून काकांनी खोली रंगवून घेतली, बाळंतिणीजवळ राहायला बाई ठरवली, डिंक-खारीक आणून ठेवली. मग आम्ही दोघं दुधनीला डोहाळजेवणाला गेलो. तिथं कुणीतरी हौसेनं म्हणालं, "सर, तुमच्या माकुळाचं सांगा की." विषय मिळाला की काकांना प्रसंग दिसत नाही. अंड्यांचे घड सांगून झाले आणि बोलण्याच्या भरात पुढचंही सांगून बसले, "अंडी घातली की मादी मरते. पिलं तिला बघतच नाहीत."

ओटी भरणारे हात थांबले. विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "पोरीला हितंच ऱ्हाऊ द्या. तुमच्या घरात बाईमाणूस न्हाय."

परतीच्या एसटीत अक्कलकोट मागं पडल्यावर काका म्हणाले, "पिलं तरीही वाढतात, हे सांगायचं होतं रे मला. तिथवर पोचलोच नाही."

जावयाचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याकडेच होतो. मुलगा की मुलगी, हे काकांनी विचारलंच नाही. "ती शुद्धीवर आहे ना? बाळाला पाहिलं तिनं?"

"व्हय मामा. मगाधरनं बघतच बसलीया."

काकांनी फोन माझ्या हातात दिला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. मुलगी झाली, हे त्यांना मी संध्याकाळी सांगितलं.