सुरगाण्याच्या बंडवाल्याचं मुंडासं

मांजर आडवं गेलं तर मी त्यालाच हाड्‌ करते आणि अमावस्येला खुशाल केस धुते. तेव्हा 'बाई घाबरट असेल' हे आधी डोक्यातून काढा. जे झालं ते नाशकात, लख्ख उजेडात झालं आणि मी पूर्ण शुद्धीवर होते!

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी तेव्हा एका छोट्या वस्तुसंग्रहालयात नोकरीला होते. आमच्या साहेबांनी प्रदर्शन काढलं – जुन्या बंडवाल्यांचा, दरोडेखोरांचा पुरुषांच्या फॅशनवर काय परिणाम झाला. हसू नका! काडतुसांचा रुंद पट्टा, छातीवरचे खिसे, पिळदार मिशा... पोलीस ज्यांना शोधायचे, नेमकं त्यांच्यासारखं दिसायची पोरांना हौस. सातपूरच्या कारखान्यांतली बेलबॉटमवाली पोरंसुद्धा तसलेच पट्टे लावून हिंडायची.

त्यातली सगळ्यात मोलाची वस्तू मी स्वतः जीपने सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरून आणली होती – इंग्रजांविरुद्ध बंड करून डोंगरात राहिलेल्या एका माणसाचं मुंडासं. त्याचे नातू देवजीबाबा, सत्तरीचे, द्यायलाच तयार नव्हते. ते त्यांच्या घरात बांधलेलंच देवाजवळ असायचं. त्याला हळदकुंकू वाहायचं, पण सोडायचं म्हणून नाही.

"बाई, सोडू नका हां. माझ्या बापानं बांधलेलं हाय. आता तसं बांधणारा आमच्यात कोणी उरला नाय."

मी शब्द दिला. जसं आहे तसं परत आणीन म्हटलं.

आणि उद्घाटनाच्या सकाळी बघते तर काय... साहेबांनी ते धुऊन, खळ घालून, इस्त्री करून आणलेलं! "धुराचा वास मारत होता हो," म्हणे. पाहुणे येणार होते ना! माझ्या पायांखालची जमीनच सरकली. बजावून ठेवलं होतं मी त्यांना. त्यानंतर मी साहेबांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

दोघांनी बांधून पाहिलं. साहेब लग्नात फेटे बांधायचे, म्हणून ऐटीत पुढे झाले. पण ते घालण्यासाठी दालनात उभ्या केलेल्या पुतळ्याच्या गुळगुळीत डोक्यावरून ते सारखं घसरायचं. शेवटी कापडाची घडी करून पुतळ्याच्या पायाशी ठेवली, दालनाला कुलूप घातलं आणि उद्घाटनाला येणाऱ्या बाबांना आणायला एसटी स्टँडवर गेले. साहेबही आले, त्या सोडलेल्या मुंडाशापाशी एकटं थांबायची त्यांची हिंमत नव्हती. किल्ली एकच, माझ्या पर्समध्ये.

वाटेत सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. पण बाबा कोरं धोतर नेसून आलेले, 'आज्याला बघाया'. मग वाटभर मी पावसापाण्याचंच बोलत राहिले.

कुलूप उघडलं.

मुंडासं पुतळ्याच्या डोक्यावर होतं. घट्ट, पीळ न् पीळ बसलेला! मी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी माझ्याकडे.

बाबा पुढे झाले. समोरून पाहिलं, मागून पाहिलं.

"हे बापानं बांधलेलं नाय."

मेलेच मी! साहेब हात जोडून "बाबा, माझी चूक झाली, मी धुवायला टाकलं" म्हणू लागले, पण बाबांचं लक्षच नव्हतं.

"बापानं बांधलं तवा सोगा पाठीवर सोडलेला. ह्यो बघा, आत खोचलाय. आज्या असाच खोचायचा, जाळीतून पळताना अडकाय नको म्हणून. मी बारका होतो, पण बघलंय." त्यांनी डोळे पुसले. "कोणी बांधलं, बाई?"

"देवाशप्पथ, आम्ही नाही!"

बाबा एकदम खदाखदा हसायला लागले. माझा जीव असा भांड्यात पडला की मी तिथेच फतकल मारून बसले, रडले आणि हसलेसुद्धा.

खिडक्यांना गज होते, दुसरं दार नव्हतं. आम्ही गेलो तेव्हा आत कोण होतं? मला विचारू नका... मला आजही ठाऊक नाही, आणि साहेब तर तो विषय निघाला की चहा मागवायचे.

प्रदर्शन संपल्यावर मुंडासं मांडीवर घेऊन मीच परत पोचवलं. बाबांनी ते देवाजवळ ठेवलं, शेजारी मांडलेल्या आपल्या वडिलांच्या टाकाकडे, म्हणजे पूजेतल्या चांदीच्या प्रतिमेकडे वळले आणि तिला चांगलं झापलं –

"बघ! लहानपणापास्नं सांगत व्हतो का नाय तुला, सोगा आत खोच म्हणून?"