पाकोळीच्या पंखावरचा ठिपका

मी तिसरी पास. चौथीत मास्तरांनी पाटीवर सरळ रेघा मारायला सांगितल्या, मी वेलबुट्टी काढली, त्यांनी कान धरला, मी शाळा सोडली. त्याचं वाईट वाटायचं कारण नाही. पुढं चाळीस वर्षं आमच्या पेठेत मी चादरींच्या नक्ष्याच काढल्या. बारीक चौकटींचा कागद घ्यायचा, एकेक चौकट रंगवायची, त्यावरून जेकार्डचे भोकांचे पत्ते पाडायचे, ते मागावर चढवले की चादरीत मोर उतरतो. माझ्या मोराला कुणी कोंबडा म्हटलं नाही. दुसऱ्यांच्या मोरांविषयी मी बोलत नाही.

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. आमच्या माडीवर कॉलेजात किडे-पाखरं शिकवणाऱ्या एक बाई भाड्यानं राहायच्या. एकदा साताऱ्याकडच्या घाटातून त्या काड्यापेटी छातीशी धरूनच आल्या. आत टाचणीला लावलेली एक वाळकी पाकोळी. अंगठ्याच्या नखाएवढी, काळीकुट्ट, वर पांढरे पट्टे.

"मामा, धागे मोजायचं तुमचं भिंग द्या जरा," बाई म्हणाल्या. "ह्या पतंगाच्या दोन जाती आहेत, अगदी सारख्या. पंखावर तांबूस ठिपका असला तर तो कुठंही सापडणारा. ठिपका नसला तर उंच डोंगरावरचा, आणि मी गेले त्या घाटात तो अजून कुणी नोंदवलेला नाही. एवढा एकच मिळालाय. वर्णन आणि चित्र पुण्याला तज्ज्ञांकडं पाठवायचंय."

"चितर मी काढतो. तुमचं काम न्हवं ते," मी म्हणालो.

भिंग डोळ्याला लावलं, वाकलो, आणि शिंकलो. मला तपकिरीची सवय. डोळे उघडून बघतो तर पाकोळीची उजवी बाजू गायब. बाईंनी उरलेल्या अर्ध्या पाकोळीवर ओंजळ धरली.

"अय्यो शिवा!" आमची मंडळी ओरडली. तिचं माहेर अक्कलकोटाकडचं, घाबरली की ती कानडीत घाबरते.

"अर्धी ऱ्हायलीय की," मी म्हणालो. "अर्धीच लागती. चादरीची आमी अर्धीच नक्षी काढतो, दुसरी बाजू जेकार्ड उलटी पाडतं. डावी तशी उजवी. तसूभर फरक न्हाय."

काढायला बसलो. पंखाच्या काठाला पांढरे दात मोजले, नऊ. बाईंनी आठ लिहिले होते. त्यांनी परत मोजले, नऊच. तिसरी पासवाल्यानं कॉलेजला दुरुस्त केलं! छाती फुगली, आणि त्या फुगल्या छातीनं मी म्हणालो, "आन् हितं एक तांबूस ठिपका हाय."

बाईंचा चेहरा उतरला. "काल नव्हता."

"काल भिंग न्हवतं."

"मामा, तुमची तपकीर उडाली असेल हो."

"माझी शिंक कोरडी असती."

"कोरडी?" मंडळी म्हणाली. "परवा पिठावर शिंकलासा, चार भाकरी गाईला घातल्या मी!"

बाईंना ठिपका सुईनं काढून बघता येईना, कारण ह्या पंखांना नुसतं काही लागलं तरी रंगच निघतो. मी तर तांबूस रंगात कुंचला बुडवून ठिपका कागदावर काढूनही मोकळा झालो. दिसलं ते काढलं. बाई नुसत्या कागदाकडं बघत राहिल्या. घाटात आठ दिवस फिरून आणलेली एकुलती पाकोळी, ती आता कुठंही सापडणारी ठरत होती.

मग उजवा पंख शोधणं आलं. तिघंही गुडघ्यांवर. खोलीतल्या मागाखाली कापसाचा बुरा, त्यात काळे-पांढरे धागे, जे उचलावं ते पंखासारखंच. मी रांगत रांगत ठिपक्याची बाजू मांडत होतो, तेवढ्यात मंडळी म्हणाली, "अवो, हलू नका. बोलूबी नका." आणि चिमट्यानं माझ्या मिशीतून तिनं पंख काढला.

बाईंनी तो भिंगाखाली धरला. मग भिंग माझ्याकडं सरकवलं. नऊ दात. पट्टे तेच. ठिपका नाही.

"मामा, डावी तशी उजवी ना?" बाई हळूच म्हणाल्या.

देवाच्या मागावर एका बाजूला दोष पडला असेल, असं म्हणायला जीभ वळवळली होती. पण मग माझ्या सगळ्या अर्ध्या नक्ष्या खोट्या पडल्या असत्या. ब्लेड घेतलं आणि ठिपका खरवडून काढला. मंडळी माझ्यासमोर हसली नाही. ती स्वयंपाकघरात गेली, आणि तिथून भांडी पडल्याचा आवाज आला.

महिन्यानं पुण्याचं पत्र आलं. पाकोळी डोंगरावरचीच निघाली. बाईंनी पेढे दिले. चित्र फार स्वच्छ आहे, पण चारी बाजूंनी किनार कशासाठी, असं पत्रात विचारलं होतं म्हणे. किनारीशिवाय मी कागद कुणाला दिलेला नाही.

पुढं त्याच पाकोळीची मी चादर पाडली, काळ्या जमिनीवर पांढरी. पहिली चादर बाईंना दाखवली. त्यांनी ती उलगडली, पंखावर बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"मामा, हा ठिपका?"

"ही चादर हाय बाई," मी म्हणालो. "हितं दोन्ही बाजूला हाय."