दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची चाचणी

माझा स्वभाव संशयी आहे आणि मला त्याचाच पगार मिळतो. आमचा फंड नुकत्याच उभ्या राहणाऱ्या जैवतंत्रज्ञान कंपन्यांत पैसे घालतो. कंपनी म्हणजे बहुतेक वेळा एक खोली, एक मोठा फ्रीज आणि झोप उडालेली दोन-तीन माणसं. त्यांचा शोध खरा की नुसता बोलण्यात खरा, हे आधी तपासायचं काम माझं. गिरगावात आमची आई टोपलीतले वरचे टोमॅटो बाजूला सारून खालचे बघायची. मी तेच करते, फक्त एसीत बसून.

त्या वर्षी परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात प्रयोगशाळा थाटलेली एक मुलगी आमच्याकडे आली होती. मुलगी म्हणायचं, तशी पस्तिशीची. करी रोडच्या चाळीत वाढलेली. तिचे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. चांगली पगाराची नोकरी सोडून तिने क्षयाच्या जंतूंसाठी एक चाचणी बनवली होती. थुंकीतून काढलेला अर्क नळीत टाकायचा. जंतू असले तर नळीतलं द्रव्य हळूहळू चकाकायला लागतं आणि मशीन ती चकाकी मोजतं. लहानशा दवाखान्यातही जमावं, इतकं सोपं.

तिच्या हातून चाचणी अगदी झकास चालायची. मला नेमकी त्याचीच धास्ती. सुगरणीच्या हातचं चांगलं झालं तर त्यात नवल काय, तेच दुसऱ्या कुणाला जमलं पाहिजे. म्हणून मी अट घातली. चाचणी बाहेरचा तंत्रज्ञ करेल, नळ्या मी नुसते क्रमांक घालून आणीन आणि ती खोलीबाहेर थांबेल. काही नळ्यांत जंतूंचा अर्क, काहींत नुसतं पाणी. कशात काय, ते फक्त मला ठाऊक. जमलं तर आमचे पैसे मिळणार होते. नाही जमलं तर दिवाळीपर्यंत जागेचा करार संपत होता आणि तिला टाळं लावावं लागणार होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चाचणी ठरली.

आमचे थोरले भागीदारही आले होते. त्यांना पुढे विमान गाठायचं होतं, त्यामुळे ते सारखे मनगटाकडे बघत होते. ती खोलीबाहेर भिंतीला टेकून उभी होती. मला उगाचच तिचा राग येत होता, कारण ती मला आवडायला लागली होती आणि या कामात ते परवडत नाही.

तंत्रज्ञाने खोलीचं दार उघडलं. मी निकाल ताडून पाहिला. सगळ्या नळ्या चकाकल्या होत्या, पाण्याच्यासुद्धा.

थोरले म्हणाले, झालं तर मग. पाण्यात क्षय शोधणारी चाचणी आपल्याला नको. ती पांढरीफटक पडली. असं कधीच झालेलं नाही, असं पुटपुटली. प्रत्येक जण हेच म्हणतो, हे मी तिला तिथेच सुनावलं. पण मशीनच्या पडद्यावरच्या रेषा मला खटकल्या. खरी चकाकी खालून सुरू होते आणि चढत जाते. इथे सगळ्या रेषा पहिल्या क्षणापासून वरच होत्या, सपाट.

मी तंत्रज्ञाला म्हटलं, "मशीन रिकामं चालव. आत काही ठेवू नकोस."

रिकामं मशीनही चकाकलं. मग तिला आत बोलावलं. नळ्या ठेवायचा खण तिने बाहेर ओढला, स्पिरिटमधला कापूस आतून फिरवला आणि समोर धरला. कापूस पिवळा झाला होता. हळद. मशीनच्या निळ्या प्रकाशात हळद चकाकते, हे आम्हा दोघींनाही पुस्तकातून माहीत होतं. हळद आली कुठून, ते तिला क्षणात कळलं.

"बाबा," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "त्यांना सांगू नका, प्लीज."

थोरले म्हणाले, चाचणी एकदाच असते, दर वेळी नवं कारण ऐकत बसलो तर फंड बुडेल. त्यांचं चुकत नव्हतं, उलट हा नियम मीच त्यांच्या गळी उतरवला होता. पण माझं डोकं तापलं. मी कुणावरच विश्वास ठेवत नाही, म्हणून नळ्यांचा दुसरा संच नेहमी बर्फात तयार ठेवते. त्याचे क्रमांक वेगळे. हा संच लावू, नाही जमलं तर मीच तिला नकार कळवीन, असं मी सांगितलं. ते चरफडत बाहेरच्या बाकावर बसले. मशीन पुसलं, रिकामं चालवलं. आता ते काळंठिक्कर होतं. तंत्रज्ञाने आत नळ्या ठेवल्या आणि दार लावलं.

तेवढ्यात तिचे वडील जिना चढून आले, हातात डबा, घरातलं उरलेलं श्रीखंड. बाकावर आमच्या शेजारी बसले आणि कुणी न विचारता बोलायला लागले. गिरणीत दसऱ्याला आख्खं साचेखातं कसं सजायचं, ते ऐन रंगात येऊन सांगू लागले.

"नवी पोरं वरच्या वर फुलं वाहायची. मी दोरा नेणारा धोटा फिरतो तिथे हळदीचं बोट टेकवायचो. पूजा जिथे काम होतं तिथे करायची. काल हिच्या मशीनचापण खण ओढला आणि आत लावलं, नीट, चारी कोपऱ्यांना."

ती खाली बघत राहिली. थोरल्यांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की त्यांनी ते मिटलं. नंतरचा वेळ सरता सरेना. हे पैसे माझे नव्हते, कंपनी माझी नव्हती, तरी मी आयुष्यात पहिल्यांदा मनातल्या मनात एका मशीनच्या विनवण्या करत होते.

दार उघडलं. मी ताडून पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. पाणी अंधारात होतं. जंतूंच्या नळ्या चकाकत होत्या, एकही चुकली नव्हती. मला रडू आलं आणि रडू आल्याचा संतापही आला. थोरल्यांनी फक्त मान डोलावली आणि ते विमानाला निघाले.

"काय झालं गो?" वडिलांनी लेकीला विचारलं.

"काही नाही बाबा. मशीन चाललं."

"चालणारच," ते म्हणाले. "काल पूजा केली ना."

पुढच्या दसऱ्याला मी मुद्दाम गेले. प्रयोगशाळा दुप्पट झाली होती, मशीनं वाढली होती. लेकीने शपथेवर सांगितलं की तिने त्यांना कधीच काही सांगितलेलं नाही. मी तर नाहीच. वडील आले, पिशवीत झेंडूची फुलं आणि करंडा. दाराशी थांबून त्यांनी पेटीतले रबरी हातमोजे काढले आणि सावकाश, एकेक बोट नीट बसवत, दोन्ही हातांत चढवले. खोलीत पाऊल टाकलं नाही. बाहेरच्या चौकटीवर हळदीचं बोट टेकवायला हात उचलला, आणि तो तसाच हवेत ठेवून माझ्याकडे वळले.

"मॅडम," त्यांनी विचारलं, "इथे लावलं तर चालेल ना?"