मोती बैल चंदननगरला

रायपूरहून निघताना माझ्या पिशवीत एक पांढरा कापडी बैल होता. त्याचं नाव मोती. तो माझी पुतणी मिनू हिच्या वर्गाचा. वर्गातल्या ज्या पोराच्या घरचं कोणी गावाला जाईल त्यानं मोतीला सोबत न्यायचं आणि तिथला फोटो आणायचा, अशी त्यांची पद्धत. आमच्याकडून कोणी कुठे जात नाही, म्हणून मिनूची पाळी कधी आलीच नव्हती. यंदा ह्यांच्या कारखान्यातल्या सोबत्यानं मुलीच्या लग्नाला बंगालमधल्या चंदननगरला बोलावलं. मॅडमची अट एकच होती, बैल स्वच्छ परत यावा.

आणि घरून निघतानाच माझा हात सवयीनं हळदीच्या वाटीत गेला. पोळ्याला दारी आलेल्या बैलाला लावतो तसं ओलं बोट मी मोतीच्या कपाळी टेकवलं. मिनूनं टाळ्या वाजवून फोटो काढला. मला अट आठवली ती रिक्षात.

हावड्याहून दुसऱ्या गाडीनं चंदननगर गाठलं. इथे पूर्वी फ्रान्सच्या लोकांचं राज्य होतं. त्यांच्या वेळची उंच घरं अजून आहेत, खिडक्यांना लाकडी झडपा. लग्नघरी जलभरा (पोटात गुलाबाचा पाक असलेली छेन्याची मिठाई) दिला. पहिल्याच घासाला पाक माझ्या पातळावर सांडला.

दुसऱ्या दिवशी मी गुपचूप मोतीचं कपाळ साबणानं घासलं. डाग लालभडक झाला. साबणानं हळद लाल होते हे मला काय माहीत नव्हतं? पण घाबरल्यावर सुचत नाही.

हे म्हणाले, "काय वं, बैलाले लढाईवर नेलं होतं का?"

साबण धुऊन काढला, लाल परत पिवळं झालं. हळद उडते ती उन्हानंच, म्हणून आता ऊनच पाहिजे होतं. लग्नघराच्या गल्लीत ऊन येत नव्हतं, म्हणून मी नदीकाठच्या स्ट्रँडवर (झाडांचा रुंद रस्ता) गेले. बाकावर बसले खरी, पण माणसं बघत होती. मी मोतीला पदराखाली घेतलं.

शेजारी एक बाई झालमुडी (तिखट मुरमुरे) विकत होती. ती म्हणाली, "दीदी, छुपा के रखेगा तो धूप कैसे लगेगा?"

तिनं मोतीला उचलून आपल्या टोपलीच्या झाकणावर उन्हात ठेवलं. मग येणारा जाणारा विचारायचा, हा कोणाचा? ती माझ्याकडे बोट दाखवायची. दुपारभर मी अनोळखी माणसांना पोळा सांगत बसले. घरी मी महिन्यात इतकं बोलत नाही. ऊन उतरलं तोवर कपाळ पांढरं झालं होतं. त्या बाईनंच फोटो काढला, मागे नदी, मांडीवर मोती.

रायपूरला आल्यावर मिनूनं मोतीला उलटसुलट पाहिलं.

"मोठीआई, इसका टीका कहाँ गया?"

"काढला मी. मॅडम रागावल्या असत्या ना तुले."

"मैडम को तो मैंने उसी दिन फोटो भेजा था. पूरी क्लास ने देखा. सब पूछ रहे थे किसने लगाया. मैंने बोला, मेरी मोठीआई ने."

ती हळदीची वाटी घेऊन आली. मी तिकडे डाग पदराखाली लपवत होते, आणि इकडे वर्गभर माझं नाव झालं होतं. मी बोट ओलं केलं. या वेळी जरा मोठंच लावलं.