गोरक्षसाहेबांच्या रेल्वेमागचा पडदा

काष्टीच्या शाळेत माझ्याच बाकावर बसणारा गोरक्ष शहरात, सावेडीत राहायला गेला आणि साहेब झाला. नागापूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. शहाण्णव साली कंपनीने त्याला एकवीस दिवस जर्मनीला धाडलं. माणसं परदेशातून चार गोष्टी शिकून येतात. यानं खेळण्यातली रेल्वे आणली आणि सांगून सांगून अख्ख्या सोसायटीचे कान किटवले.

त्या वर्षी सोसायटीत घरगुती गणपतीच्या आराशीची स्पर्धा होती. गणपतीपुढे रेल्वे पळवायची आणि पहिला नंबर मारायचा, असं गोरक्षनं ठरवलं. दिवाणावर प्लायवूड टाकून त्यानं रूळ जोडले, पुठ्ठ्याचा बोगदा केला. मागची भिंत तेवढी उघडी राहिली, म्हणून स्वारी माझ्याकडे आली. मी पेंटर, दुकानांच्या पाट्या आणि फोटो स्टुडिओचे पडदे रंगवतो.

"कान्या, मागं झकास सीनरी पाहिजे," म्हणाला. कसली, ते सांगेना. मला रेल्वे म्हणजे आपली दौंड-मनमाड. चार दिवस खपून मी काष्टी स्टेशन काढलं. बाभळी, उसाच्या बैलगाड्या, उघडे माळ आणि रुळाकडेला लाल झेंडी घेतलेला गँगमन. ते रंभाजीअण्णा, गोरक्षचे वडील. तीस वर्षं त्यांनी उन्हातान्हात तीच लाइन सांभाळली, म्हणून हा शिकला.

गोरक्षनं पडदा उलगडला. त्याची नजर झेंडीपाशी थांबली आणि तोंड कडू झालं.

"हे काय भिकारडं काढलंस? जर्मन इंजिन बाभळीतून नेऊ?"

मग साहेबांनी बाजारातून चार वॉलपोस्टरं आणली. एकेक भिंतीला लावायचं, गाडी फिरवायची, डोळे बारीक करून बघायचं. नारळाचा समुद्र बाद, कारण तो कोकणातला वाटतो. धबधबा बाद, तो प्रत्येक केशकर्तनालयात असतो. लाल पानांच्या जंगलात म्हणे इंजिनाचा लाल रंग उठत नाही. उरले बर्फाचे डोंगर. बर्फ खरा वाटावा म्हणून या शहाण्यानं रुळांवर कापूस पसरला. मधोमध उघड्या अंगाचा गणपती बिचारा थंडीत बसवला.

परीक्षक आले त्या संध्याकाळी मीही दर्शनाला गेलो होतो. गाडी सुटली आणि वळणावर आडवी झाली. उचलून ठेवली, पुन्हा आडवी. तिसऱ्यांदा साहेबांच्या कपाळाला घाम फुटला.

अण्णा गावाहून गणपतीला आले होते, कोपऱ्यात बसून होते. ते उठले, गुडघ्यावर बसले, गाल प्लायवूडला टेकवून त्यांनी रूळ पाहिला. मग बोटानं चाचपत कापूस काढला आणि एक सांधा अंगठ्यानं दाबला.

"सोड आता," म्हणाले. गाडी सुरळीत फिरली.

परीक्षक खूश झाले. "हे आजोबा कोण?"

"गावाकडचे आहेत," गोरक्ष म्हणाला. "काम असलं की येतात."

अण्णा कापसाचा बोळा मुठीत धरून तसेच बसून राहिले. असल्या माणसाबरोबर मी एका बाकावर बसलो, याची मला लाज वाटली. हातातला पेढा मी ताटात परत ठेवला. पहिला नंबर त्यालाच मिळाला.

दुसऱ्या दिवशी अण्णा पिशवी घेऊन माझ्या दुकानात आले.

"माधुरी म्हनली, तू आपली काष्टी काढली हुती. दाव की."

माधुरी त्यांची सून. मी पडदा जमिनीवर पसरला. अण्णा बराच वेळ उकिडवे बसून बघत होते. बाभळीवरून, गाड्यांवरून बोट फिरवत ते झेंडीपाशी आले.

"ह्यो मी व्हय?"

"तुम्हीच, अण्णा."

"गोरक्षाला वळकू आला हुता का?"

मला खोटं बोलता आलं नाही. "आला होता."

त्यांनी पडद्याची सावकाश घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

"मंग बरुबर हाय," म्हणाले. "मला वाटलं, त्याला बाभळी आवडल्या न्हाईत."