धूरवाल्यांचं झाकण

स्वतःच्या लग्नाच्या निम्म्या फोटोंत धूरवाले हॉलच्या छताकडे बघताना दिसतात. बायको म्हणायची, पाहणाऱ्याला वाटावं नवरदेव पळून जायची वाट शोधतोय. ते खरंही होतं. फक्त ती वाट ते एकट्यासाठी शोधत नव्हते, हॉलमधल्या तीनशे माणसांसाठी शोधत होते.

हॉटेलं, दवाखाने, कचेऱ्या यांच्या छताला धूर ओळखणारे डिटेक्टर बसवायचे आणि दर सहा महिन्यांनी ते तपासायचे, हा त्यांचा धंदा. लांब काठीच्या टोकाला पेल्यासारखं भांडं, त्यात खोट्या धुराचा फवारा. काठी वर धरायची, मनात आकडे मोजायचे. दहाच्या आत घंटा वाजली तर पास. तीस वर्षं हेच. लोक त्यांना धूरवाले म्हणू लागले आणि खरं नाव लाइटच्या बिलापुरतं उरलं.

या धंद्यात त्यांना एकच वैरी होता, टोपी. अंघोळ करताना केस भिजू नयेत म्हणून हॉटेलवाले पातळ प्लास्टिकची टोपी ठेवतात ना, ती. खोलीत चोरून सिगारेट ओढायची असली की गिऱ्हाईक पलंगावर चढतं आणि ती टोपी डिटेक्टरला घालतं. ती दिसली की धूरवाल्यांचा हात आपोआप वर जायचा. समोर कोण आहे, किती मोठा साहेब आहे, काही बघायचे नाहीत. टोपी ओढायची, खिशात कोंबायची आणि शांतपणे सांगायचं, “झोपलेल्या राखणदाराचं नाक दाबलंत तुम्ही.” एवढं एकच वाक्य. आवाज कधी चढला नाही.

ते राहत होते त्या सात मजली इमारतीतही हे काम त्यांनीच केलं होतं, तेही हौसेनं. घरोघरी एक डिटेक्टर, सगळे एकमेकांना जोडलेले. एक वाजला की सगळे वाजणार. पण गेल्या वर्षात घंटा दोनदा उगाच बोंबलली. एकदा तिसऱ्या मजल्यावर टोस्ट जळला म्हणून, एकदा पाचव्यावर कुणी न्हाणीघराचं दार उघडं ठेवून कढत पाण्यानं अंघोळ केली म्हणून. मग मीटिंग बसली. सेक्रेटरी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. दवाखाना बंद करून चार वर्षं झाली होती, पण समोरच्यानं तोंड उघडावं की मिटावं हे अजून त्याच ठरवायच्या. त्यांनी ठराव वाचला: पुन्हा उगाच घंटा वाजली, तर घरातले डिटेक्टर काढून टाकायचे. जिन्यातले तेवढे ठेवायचे.

धूर आधी घरात होतो, जिन्यात पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो, हे वाक्य धूरवाल्यांच्या तोंडात होतं. ते तोंडातच राहिलं.

आणि नेमकं त्याच महिन्यात त्यांच्या डोक्यात घरात धूर करायचं खूळ शिरलं.

कारण बायको. ती एकतीस वर्षं एका मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढत होती. “श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा,” हे तिनं इतक्या माणसांना सांगितलं होतं की झोपेतही सांगायची. ती निवृत्त होणार होती. बैठकीच्या कोपऱ्यात तिचा छोटासा बार होता. दवाखान्यानं मोडीत काढलेलं, फिल्म ठेवायचं लोखंडी कपाट तिनं घरी आणलं होतं. त्याच्या चपट्या खणांत चमचे, लिंबाची सुरी, पुसायची फडकी. वर चार बाटल्या, आणि बाटल्यांच्या मागे एक्स-रे बघायची ती पांढऱ्या उजेडाची पेटी. पेटी लावली की व्हिस्की मधासारखी दिसायची आणि लिंबाच्या चकतीतली एक एक फाक मोजता यायची. शनिवारी संध्याकाळी ती एक ग्लास घ्यायची. धूरवाले त्यातला एक घोट घ्यायचे आणि तोंड वाकडं करायचे.

मीटिंगनंतर आठवड्यानं एका हॉटेलचं काम संपल्यावर मालकानं दोघांना जेवायला आणि रात्री मुक्कामाला बोलावलं होतं. तिथल्या बारवाल्यानं तिच्या व्हिस्कीच्या ग्लासवर लाकडाचं एक झाकण ठेवलं, झाकणाच्या मधल्या जाळीत चिमूटभर लाकडाचा चुरा टाकला आणि वरून ज्योत धरली. धूर वर जायच्या ऐवजी खाली ग्लासात उतरला. तीस वर्षांत धूरवाल्यांनी खाली जाणारा धूर पाहिला नव्हता. बायकोनं घोट घेतला आणि डोळे मिटले.

“वखार,” ती म्हणाली.

तिच्या वडलांची लाकडाची वखार होती. ओल्या ओंडक्यात करवत अडकून तापली की लाकूड कडेनं जळायचं. तो वास. वखार जाऊन तीस वर्षं झाली होती, वडील जाऊन बावीस. ग्लास रिकामा झाल्यावरही तिनं तो बराच वेळ नाकाशी धरून ठेवला होता. निरोपाच्या दिवशी तो ग्लास तिला घरी द्यायचा, स्वतःच्या हातानं, हे धूरवाल्यांनी तिथंच ठरवलं. आणि घंटा न वाजवता.

मेहुणा भांडीकुंडी आणि स्वयंपाकघराच्या सामानाच्या दुकानात कामाला होता. त्यानं दुकानातले नमुने मालकाला सांगून आणले आणि तीन खोकी ओट्यावर मांडली.

“हे पिस्तूल,” मेहुणा म्हणाला. “इथं चुरा, इथं ज्योत, बटण दाबलं की नळीतून धूर. ही पेटी. काचेचं दार, आत ग्लास ठेवायचा, धूर भरायचा, दार उघडलं की पाहुणे आ वासतात. आणि हे तुमचं झाकण. भावोजी, खरं सांगू? झाकण म्हणजे अगदीच गरीब वाटतं. पेटी घ्या.”

“धूर किती निसटतो, ते बोल.”

“गिऱ्हाइकं हे विचारत नाहीत.”

“त्यांच्या डोक्यावर डिटेक्टर नसतो.”

तीन संध्याकाळी तपासणी चालली. धूरवाले डिटेक्टरखाली स्टुलावर बसायचे, हातात घड्याळ, मांडीवर कामाची वही. मेहुणा यंत्र चालवायचा. डिटेक्टरचा लाल दिवा दर काही सेकंदांनी लुकलुकत होता, म्हणजे तो जागा होता. पिस्तुलाच्या वेळी खोलीत धुराची एक लांबलचक शेपटी फिरली. घंटा वाजली नाही. पेटीचं दार उघडल्यावर ढग बाहेर पडला. घंटा वाजली नाही. झाकणाच्या वेळी तर जेमतेम एक दोरा वर गेला.

“तिन्ही पास,” धूरवाल्यांनी लिहिलं आणि पेन्सिल चावत बसले. “गंमत आहे. लाकडाचा धूर जड असतो बहुतेक.”

“बहुतेक,” बायको आतून म्हणाली.

लाकडाची निवड मात्र मेहुण्यानं केली. वखार त्याच्याही बापाची होती. सफरचंदाचा चुरा जाळला तर म्हणाला, “हा औषधाच्या दुकानाचा वास.” चेरीचा जाळला तर म्हणाला, “हा पेन्सिलीला टोक केल्याचा.” ओकचा जाळला तेव्हा तो नाक पुसायला गॅलरीत गेला. ओक ठरलं. यंत्र ठरेना. मेहुण्याचं मन पेटीवर, धूरवाल्यांचं झाकणावर, आणि पिस्तुलावर दोघांचाही जीव, कारण ते पिस्तूल होतं.

निरोपाच्या संध्याकाळी साडेसहाला दहाबारा माणसं जमली. दवाखान्यातल्या चौघी, खालचे दोन शेजारी आणि सेक्रेटरीबाई. खिडकीतून अजून ऊन येत होतं. धूरवाल्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांनी कपाटावर ग्लास ठेवला, झाकण बसवलं, चुरा घातला, ज्योत धरली. धूर शहाण्यासारखा खाली उतरला. सगळे पुढे वाकले. बायको एक हात गालाला लावून बघत होती.

इथं थांबलं असतं तर गोष्ट इथंच संपली असती. पण मेहुण्याच्या अंगात दुकान संचारलं.

“हे तर काहीच नाही,” म्हणत त्यानं पिस्तूल काढलं, मूठभर चुरा कोंबला आणि बटण दाबलं. पांढरा धूर सळसळत वर गेला, छताला थडकला आणि डिटेक्टरभोवती पसरून निवांत बसला. माणसांनी टाळ्या वाजवल्या. घंटा वाजली नाही.

“धूरवाले, मानलं तुम्हाला,” सेक्रेटरीबाई म्हणाल्या. “एवढ्या धुरातसुद्धा वाजली नाही. उगाच ठराव केला आम्ही. मागे घेऊ तो.”

त्यांना हवं होतं ते सगळं त्या एका वाक्यात होतं. पण धूरवाल्यांना त्यातलं अर्धंच ऐकू आलं. एवढ्या धुरातसुद्धा नाही. मनातले आकडे केव्हाच सुरू झाले होते. दहा झाले, पंधरा झाले, वीस झाले. त्यांनी स्टूल ओढलं आणि वर चढले.

“अहो, राहू द्या ना,” बायको हळूच म्हणाली.

बोटांना प्लास्टिक लागलं. पातळ, काचेसारखं स्वच्छ, रबराच्या कडेनं घट्ट बसलेलं. आत लाल दिवा बिचारा लुकलुकत होता. दिवा लुकलुकतोय म्हणजे डिटेक्टर जागा आहे असं मानायचं नाही, हात लावून बघायचं, हे त्यांनी हाताखालच्या किती पोरांना घोकून घेतलं होतं. दुसऱ्यांचे हजारो डिटेक्टर त्यांनी हात लावून बघितले होते. आपला फक्त डोळ्यांनी बघितला.

खिडकी उघडून दोन मिनिटं थांबलं असतं, तर धूर निघून गेला असता. ठराव मागे गेला असता, डिटेक्टर घरोघरी राहिले असते, कुणाला काही कळलं नसतं. हे सगळं त्यांना तिथं, स्टुलावर, स्पष्ट दिसलं. पण तो विचार पुरा होण्याआधी हातानं तीस वर्षांचं काम केलं होतं. टोपी ओढली आणि खिशात कोंबली.

मग घंटा वाजली. आधी त्यांच्या घरात, मग वर, मग खाली, मग सातही मजले एका गळ्यानं ओरडू लागले. धूरवाले स्टुलावर उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं होतं.

“चार सेकंद,” ते म्हणाले. कुणाला ऐकू आलं नाही.

दारं उघडली, जिना भरला. कुणी साबण लागलेले हात तसेच वर धरून उतरलं. सहाव्या मजल्यावरचे आजोबा अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत आले. उरलेल्या अर्ध्या गालावर फेस होता. पाच मिनिटांत सगळी इमारत अंगणात उभी राहिली. धूरवाले सगळ्यांत शेवटी उतरले, वाटेत घंटा बंद करून. कुठं आग नाही, धूर आमच्या घरातला, चूक आमची, हे त्यांनी पायरीवर उभं राहून एकदाच सांगितलं. मग खिशातली टोपी काढली आणि बायकोसमोर धरली.

“ही त्याच हॉटेलातली ना?”

“केस रंगवायला आणली होती.”

“चढलीस कशी?”

“मी तुमच्याहून चार बोटं उंच आहे. स्टुलावर उभं राहिलं की पुरते. तुमची तपासणी सुरू व्हायच्या आधी घालायची, झोपताना काढून ठेवायची. आज काढायची वेळच आली नव्हती. पुन्हा वाजली असती तर ते सगळे काढून टाकणार होते. तुम्ही महिनाभर नीट जेवला नसतात. आणि ग्लास देणार हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. कामाच्या वहीत ‘वखार’ असं कोण लिहितं?”

धूरवाल्यांनी टोपी उलटीसुलटी करून बघितली.

“तीस वर्षं जगाला सांगत आलो, टोपी घालू नका,” ते म्हणाले. “आणि मला घरच्याच माणसानं घातली.”

आधी मेहुणा हसला, मग दवाखान्यातल्या चौघी, मग आजोबा, कशाबद्दल ते न कळताच. बायको हसता हसता डोळे पुसू लागली, आणि तेव्हा धूरवाल्यांना दिसलं, की तिच्या दुसऱ्या हातात तो ग्लास आहे. सांडू नये म्हणून तिनं वर तळवा दाबून धरला होता.

“घंटा वाजली की हातात काही घ्यायचं नाही,” धूरवाले म्हणाले. “नियम आहे.”

“मग तुमच्या हातात काय आहे?”

त्यांच्या डाव्या मुठीत झाकण होतं. कधी उचललं, देव जाणे. पेटी वर राहिली होती, पिस्तूल मेहुण्यानं घाबरून सोफ्यावर टाकलं होतं. आलं होतं ते एवढंच, मुठीत मावणारं.

“दुकानात हे कुणी सांगत नाही,” मेहुणा म्हणाला. “पळताना कुठलं बरोबर येतं ते.” ज्योतीचं यंत्र आणि ओकची डबी त्याच्या खिशातच होती.

अंगणातल्या पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर ग्लास ठेवला. ज्योत पेटवली. आधीचा धूर जिन्यातच उडून गेला होता, नवा उतरला. झाकण काढलं तेव्हा त्यातला थोडा वर निघाला आणि थडकायला छत न मिळाल्यामुळे जातच राहिला. बायकोनं घोट घेतला, डोळे मिटले.

“वखार?” धूरवाल्यांनी विचारलं.

“अगदी. फक्त बाबा गिऱ्हाइकाशी भांडतायत तेवढं ऐकू येत नाही.”

सेक्रेटरीबाई डोकी मोजून आल्या. “एकशे चार,” त्या म्हणाल्या. “आगीच्या सरावाला दोनदा बोलावलं तेव्हा दोन्ही वेळचे मिळून अकरा आले होते.” त्यांनी धूरवाल्यांकडे दात तपासावेत तसं बघितलं. “ती टोपी तुम्ही तशीच राहू दिली असतीत, तर मला कळलंही नसतं. हो की नाही?”

“हो.”

“मग आजच्याला सराव म्हणू. धूर होता, घंटा वाजली, ती उगाच नव्हती. ठराव उगाच घंटेचा आहे. डिटेक्टर राहतील. पण हा प्रकार यापुढे घरात नाही. इथं, कट्ट्यावर.” मग जरा खालच्या आवाजात, “माझ्यासाठी पण एक करा. पाणी जास्त.”

पेटी आणि पिस्तूल दुकानात परत गेलं. त्या संध्याकाळचा फोटो आजोबांच्या सुनेनं काढलेला, बारच्या कपाटावर आहे. कट्ट्याभोवती माणसं, मध्ये फेसाळ गालाचे आजोबा. धूरवाले त्यात एकदाही वर बघत नाहीत; ग्लास धरलेल्या बायकोकडे बघतायत. वर ती बघतेय, धूर कुठं गेला ते.