कमलाला घरी जाऊ द्या

आनंदराव मेश्राम रोज सकाळी महूहून बसने इंदूरला येत. वय अठ्ठावन्न. वडील फौजेत होते. ते स्वतः तेवीस वर्षं एका शाळेत क्लार्क होते. तिथून सुटल्यावर एका संस्थेत लागले. वस्तीतल्या बायकांना मोबाइलवर सरकारी कामं करायला शिकवायचं, हे त्यांचं काम. शिकवायचं गोष्टीतून. टॅबलेटवर गोष्टीचं एक पान येई, खाली दोन-तीन पर्याय. बोट ठेवाल तशी गोष्ट पुढे जाई. या गोष्टी आनंदरावच लिहीत, हिंदीत, कारण वर्गात मराठी बायका थोड्याच असत.

दिवसाला तीन वर्ग. तेच ‘ओटीपी कुणाला सांगायचा नाही’, तेच ‘फॉर्मचा फोटो काढून ठेवा’. तिसऱ्या वर्गापर्यंत त्यांना आपलाच आवाज ऐकवेनासा होई.

जुनी इंदूर भागातल्या वर्गात जनाबाई येत असे. चार घरी स्वयंपाक करून दुपारी येई आणि भिंतीला टेकून बसे. तिच्या राशनकार्डावर ‘जानकीबाई’ लागलं होतं आणि त्यापायी तिची सगळी कामं अडली होती. म्हणून आनंदरावांनी तिला ‘कमला का कार्ड’ ही गोष्ट दिली. त्यातल्या कमलाचंही नाव चुकलेलं असतं. ती ऑनलाइन अर्ज भरते, ठगाचा फोन कापते आणि शेवटी खिडकीवर पोहोचते. बाबू म्हणतो, कल आना. खाली पर्याय तीन: रसीद माँगो. बड़े साहब से मिलो. घर जाओ.

जनाबाईनं ‘घर जाओ’ दाबलं. पडद्यावर आलं, ‘कहानी खत्म. फिर से शुरू करो.’

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. आनंदराव वैतागले.

“बाई, पावती मागायची. किती वेळा सांगितलं?”

“मालूम आहे मला, सर. पण ही कमला तीन दिवस झाले खिडकीवर जाते. जाऊ द्या की तिला घरी.”

“मग गोष्ट संपते ना.”

“घरी गेली म्हणजे खत्म कशी? घरी तर आपण रोजच जातो.” ती टॅबलेट पुसत म्हणाली, “मला बस बघायचं होतं, घरी जाऊन ती काय करते.”

 आनंदरावांनी तिथं काही लिहिलंच नव्हतं.

परतीच्या बसमध्ये त्यांना आपले अकरा महिने आठवले. शाळेच्या कागदांवर त्यांची जन्मतारीख चुकली होती. ती दुरुस्त करायला हेलपाटे घालून आले की ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. बायको विचारी, झालं का? ते झोपेचं सोंग घेत. पावती कशी मागायची हे त्यांना तेव्हाही ठाऊक होतं.

रविवारी त्यांनी कमलाचं घर लिहिलं. ती चपला काढते, सकाळचे उरलेले पोहे उभ्यानंच खाते, शेजारणीला खोटंच सांगते, आज गेलेच नाही. मग सकाळ होते. खाली दोन पर्याय: फिर जाओ. आज रहने दो. दुसरा दाबला की घरातला आणखी एक दिवस, मग पुन्हा तेच दोन पर्याय. कितीही वेळा.

आठवड्याभरात संस्थेतल्या ऋजुताचं बोलावणं आलं. ती नाशिकहून आलेली, तिशीतली, या प्रकल्पाची प्रमुख.

“सर, बायका गोष्टीतल्या घरातच बसून राहतात. मॉड्यूल चाळीस मिनिटांत संपायला हवं.”

“चाळीस मिनिटांत संपणारं ऑफिसचं काम दाखवा मला, मॅडम.”

“पण मग त्या शिकल्या की नाही, हे कसं कळणार?”

“घरी बसतात, पण परत खिडकीवर जातात. आधी टॅबलेट खाली ठेवून उठून जायच्या.”

ऋजुतानं स्वतः गोष्ट उघडली. खिडकीवरून घरी. मग चारदा ‘आज रहने दो’. पाचव्यांदा तिचं बोट थांबलं. तिनं चष्मा काढून डोळे चोळले.

“मी ठेवीन, सर. पण वरचे ऐकणार नाहीत.”

वरच्यांनी ऐकलं नाहीच. घराचा एकच दिवस ठेवा, असा निरोप आला. आनंदरावांनी बाकीची पानं काढली. भांडायचं त्राण उरलं नव्हतं. शेजारणीला सांगितलेलं वाक्य तेवढं राहू दिलं.

जनाबाई मात्र खरोखरच्या ऑफिसात गेली. पहिल्यांदा साहेब नव्हते, दुसऱ्यांदा मशीन बंद. मध्ये तीन आठवडे ती गेलीच नाही आणि वर्गात कुणी तिला टोकलं नाही. तिसऱ्या खेपेला खिडकी धरून उभी राहिली आणि बाबूला इंदुरी ढंगात म्हणाली, “पावती द्या, भिया, तेव्हाच हटेन.” मिळाली.

कार्ड दुरुस्त होईतो दिवाळी उलटली. आनंदराव तेव्हा बडा गणपती भागात नव्या वर्गावर होते. मोबाइलवर जनाबाईचा व्हॉइस मेसेज आला, “सर, नाव ठीक झालं. काना-मात्रा, सगळं.” त्यांनी तो निरोप दोनदा ऐकला. बरं वाटलं, उठून चार पावलं चालावं इतकं मात्र नाही. समोर अठरा नव्या बायका बसल्या होत्या. पुढची एक टॅबलेट उलटसुलट करत म्हणाली, “सर, ये चालू कहाँ से होता है?”

आनंदराव गुडघ्यावर हात टेकून उठले आणि तिच्याकडे गेले.